पानावरचे दोन कर

गडचिरोलीची बातमी हल्ली दोनच गोष्टींची होते: पोलाद आणि शरणागती. १५ ऑक्टोबर २०२५ ला मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या नक्षलवादी नेत्याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्र खाली ठेवलं, तो फोटो घरोघरी पोचला. सुरजागडची लोहखाण, कोनसरीचा कारखाना, हेडरीहून येणारी ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन, कामगारांना वाटलेले शेअर, सगळ्यावर रकाने भरून लिहून झालं. या गलक्यात तेंदूच्या पानावरचा कर कमी झाला, त्याची मात्र दोन ओळींत बोळवण झाली.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून तेंदूपानावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मुळात या पानाला १८ टक्के का लावले होते, हे कोडंच आहे. त्यात बिडी वळतात, पण ते तंबाखू नाही, कुणी पेरत नाही, कुठल्या कारखान्यात तयार होत नाही. भर उन्हाळ्यात हाताला दुसरं काम नसतं तेव्हा माणसं जंगलात जाऊन ते तोडतात. त्यावर २०१७ पासून आठ वर्षं हा कर बसला.

दुसरा कर जंगलातला. तेंदूच्या कंत्राटदारांकडून मिळणारी खंडणी हा नक्षलवाद्यांच्या तिजोरीचा मोठा आधार होता. इतिहासाचा तिढा असा, की १९८० च्या दशकात याच पानाची मजुरी वाढवून घेण्यासाठी ते लढले आणि त्यावरच त्यांनी गावोगाव पाय रोवले. ज्या पानाने त्यांना माणसं मिळवून दिली, तेच पुढे पैसाही पुरवू लागलं. कंत्राटदार काही ही रक्कम पदरची देत नव्हता. बोली लावतानाच तो ती वजा करून मोकळा होत असे.

म्हणजे काही आठवड्यांच्या आत एक कर सरकारने उतरवला आणि दुसरा उतरण्याची चिन्हं दिसू लागली. माझा प्रश्न साधा आहे: हा पैसा जाणार कुणाच्या खिशात?

गणित करून बघू. समजा, एका गोणीला करासकट १०,००० रुपये मोजायची कंत्राटदाराची तयारी आहे. १८ टक्के कर असताना त्यातले सुमारे ८,४७५ गावाला मिळत. ५ टक्क्यांनी ते ९,५२४ व्हायला हवेत. गोणीमागे हजारावर फरक. जाणकार लगेच म्हणतील, हा कर पुढे वळता होतो, बिडी कारखानदार तो आपल्या करातून वजा करून घेतो, मग बचत कसली? मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. पान मे महिन्यात विकत घ्यायचं आणि बिडी वर्षभर खपवायची. तोवर भरलेला कर अडकून पडतो आणि त्यावर व्याज चढतं. शिवाय बिडीचा मोठा धंदा पावतीविनाच चालतो, तिथे वजावट मिळणार कुठून? थोडक्यात, हजार नाही तरी बऱ्यापैकी रक्कम मोकळी झाली आहे.

कर कमी झाला की त्याचा फायदा विकणाऱ्याला मिळतो, असं अर्थशास्त्राची पुस्तकं सांगतात. पण अट अशी, की घेणारे पुष्कळ हवेत आणि त्यांच्यात चुरस हवी. तेंदूच्या लिलावात ती कितपत असते? गोंदियाचे, तेलंगणाचे ठरावीक व्यापारी येतात. कोण कुठल्या युनिटवर, म्हणजे लिलावासाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, बोली लावणार, हे पुष्कळदा चहाच्या टपरीवरच ठरलेलं असतं. अशा बाजारात वाचलेला पैसा घेणाऱ्याकडेच राहतो.

गावाच्या हाती आता काहीच नाही, असं मात्र नाही. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात होता. वन विभाग लिलाव करी, गावाला फक्त तोडाईची मजुरी मिळे. वनहक्क कायदा, अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा आणि २०१४ ची राज्यपालांची अधिसूचना यांनी तेंदू आणि बांबू ग्रामसभेच्या मालकीचे झाले. वन विभागाने लिलाव करून द्यावा हा पहिला पर्याय. ग्रामसभेने स्वतः विकावं हा दुसरा. शेकडो ग्रामसभांनी दुसरा निवडला. वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर त्यांच्या चौकोनी जाहिराती येतात: ग्रामसभेचं नाव, तालुका, अंदाजे गोण्या, लिलावाची तारीख. पण मालकी हाती आली तरी बाजार हाती येतोच असं नाही. २०१७ ला भाव आभाळाला भिडले, २०१८ ला धाडकन कोसळले. माल उचलून पैसे थकवणाऱ्या कंत्राटदारांच्या तक्रारी तर दर हंगामाच्या आहेत.

शेजारच्या छत्तीसगडने वेगळी वाट धरली. तिथे सरकारच गोणीमागे ठरलेला दर देतं. २०२४ मध्ये तो ४,००० वरून ५,५०० झाला. ही तुलना करताना आपल्याकडे एक गफलत होते. तिथला पुडा ५० पानांचा, आपला ७०. हजार पुड्यांची गोणी, म्हणजे त्यांची ५० हजार पानांची आणि आपली ७० हजारांची. आपल्या मापाने त्यांचा दर ७,७०० पडतो. तोडाईची मजुरी आणि पानाची किंमत म्हणून मिळणारी रॉयल्टी मिळून जिथे याच्या खाली बोली येईल, तिथे ग्रामसभेने सरळ उठून जावं.

७० हजार पानं तोडायला काय लागतं, तेही पाहिलं पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटायची, म्हणजे कोवळी, नितळ पालवी फुटते. मग एप्रिल-मेचे जेमतेम दहा-पंधरा दिवस. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत ओझं घेऊन घरी. दुपारी लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं घर पानं मोजत, एकावर एक लावत, पुडे बांधत बसतं. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन शेकड्याने मोजून द्यायचे. तिथे ते उन्हात ओळीने मांडतात, उलटतात, वाळले की बोदात भरतात. एक अवकाळी सर आली की सगळं मातीमोल. आणि जंगलात वाघ आहे. मे २०२५ मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. गोणीच्या भावात हा धोका कुणी धरत नाही.

या सगळ्यावर मला सर्वांत कामाचा वाटतो तो मेंढा-लेखाचा धडा. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला दिलं. ही झाली प्रसिद्ध गोष्ट. तिच्यामागे गावचे नेते देवाजी तोफा आणि २०२५ मध्ये निवर्तलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी घडवलेली एक पद्धत होती. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. आणि त्याआधी अभ्यासगट: ज्याला त्या विषयातलं कळतं त्याला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, बाहेरच्याने बोलावं पण ठरवावं गावानेच. व्यापाऱ्याची खरी ताकद त्याच्या पैशापेक्षा माहितीत असते. शेजारच्या तालुक्यात काल काय भाव फुटला, हे त्याला ठाऊक असतं, ग्रामसभेला नसतं. लिलावाच्या आधी महिनाभर तेंदूचा अभ्यासगट बसला, तर ही दरी बरीच बुजेल. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, ती याच वाटेवरची.

चंद्रपूर जिल्ह्यातलं गोंडपिंपरी तालुक्यातलं पाचगाव आणखी पुढे गेलं. छाटणी आणि आगी यांनी जंगलाचं नुकसान होतं, फळही हातचं जातं, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. बांबूची कमाई होती म्हणून हे परवडलं, हे खरं. पण सौद्यात 'नाही' म्हणायची सोय ज्याच्याकडे असते, त्याच्याशीच व्यापारी नीट बोलतो.

ग्रामसभेच्या हातात आणखी एक हत्यार आहे आणि ते फार थोड्या वापरतात: २०१२ च्या नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार तिला दिला आहे. पैसे आधी, परवाना नंतर, एवढी एक शिस्त पाळली तरी थकबाकीची निम्मी भांडणं मिटतील.

सरकारकडून फार अपेक्षा नाही. जो मुख्यमंत्री या जिल्ह्याचा पालकमंत्रीही आहे, त्याच्या प्रशासनाला प्रत्येक लिलावाचा भाव त्याच संध्याकाळी जाहीर करणं जड नाही. पोलादाचे आकडे टनांत रोज सांगितले जातात, तसा हंगाम संपल्यावर आणखी एक आकडा सांगावा: गोणीमागे गावाला गेल्या वर्षी किती मिळाले आणि यंदा किती. दोन्हींत जेमतेम फरक निघाला, तर कर कंत्राटदाराचा कमी झाला, तोडणाऱ्याचा नाही, असं समजायचं. मग करकपातीचं श्रेय घेणाऱ्या भाषणांतून तेंदूचं नाव वगळलेलं बरं.