लोकगायकाचा पहिला अल्बम : गाणं सगळ्यांचं, पण रेकॉर्डिंग कुणाचं?

भोपाळ : माळव्यातल्या कबीर भजनाला आज देशभर मान आहे. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे शिक्षक-गायक प्रल्हादसिंह टिपानिया यांना २०११ मध्ये, तर देवास भागातले कालूराम बामनिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तंबुरा, खडताल आणि ढोलकीच्या साथीनं रात्र रात्र चालणारं हे गाणं आधी गावात रुजलं. मग ते कॅसेटवर आलं, आता मोबाईलवर आहे. भोपाळच्या भारत भवन आणि जनजातीय संग्रहालयाच्या मंचांवरही लोककलाकार येतात. मंचावर नाव झालं की पहिल्या अल्बमची बोलणी सुरू होतात आणि गायकापुढे करारपत्र येतं. तिथं सही करण्याआधी काय माहीत असायला हवं?

गाणं कुणाचं?

पारंपरिक भजन किंवा लोकगीत कुणा एकाच्या मालकीचं नसतं. ते कुणीही गाऊ शकतो. १९४८ मध्ये क्षयाच्या उपचारासाठी देवासला आलेले बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व यांनी माळवी लोकधुनांमधून 'धुनउगम' राग बांधले. धून सगळ्यांची होती म्हणूनच ते जमलं. पण याची दुसरी बाजूही आहे. जुन्या भजनावर गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी निघत नाही. गायकानं स्वतः लिहिलेल्या किंवा स्वतः चाल लावलेल्या नव्या गाण्यावर मात्र ती निघते.

रेकॉर्डिंग कुणाचं?

इथंच खरी मेख आहे. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता असतो, गायक नव्हे. ज्यानं पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली तो निर्माता. २०२५ मध्ये अल्बम निघाला तर हा हक्क ६० वर्षं, म्हणजे २०८५ अखेरपर्यंत चालतो. एकरकमी पैसे घेऊन 'सर्व हक्क दिले' असं लिहून दिलं, की आजचा तरुण गायक म्हातारा होईपर्यंत ते रेकॉर्डिंग दुसऱ्याचं. गायकानं स्वतःच्या पैशानं स्टुडिओ भाड्यानं घेऊन काम केलं, तर निर्माता तोच. म्हणून स्टुडिओचं बिल स्वतःच्या नावावर घेऊन जपून ठेवावं.

गायकाच्या हातात काय उरतं?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनं गायक-वादकांची बाजू बळकट केली. सादरीकरणावर कलाकाराचा ५० वर्षं हक्क असतो आणि व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टी मागता येते. गायक म्हणून नाव लावा, गाण्याची मोडतोड करून बदनामी करू नका, हेही सांगता येतं. रॉयल्टी गोळा करायला संस्था आहेत : गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस, गायक-वादकांसाठी इसामरा. सभासद नसलेल्याचे पैसे आपोआप घरी येत नाहीत.

सही करण्याआधी पाहा

• करार लेखी आणि सहीचाच हवा. हक्क तोंडी देता येत नाहीत.
• मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द शोधून वाचा.
• कुठली माध्यमं दिली ते पाहा. 'भविष्यात येणारी सर्व माध्यमं' असं सरसकट लिहिलेलं असेल तर विचारा. करार करताना जे माध्यम वापरातच नव्हतं, ते करारात स्पष्ट नमूद नसेल तर कायदा ते दिलं असं मानत नाही.
• हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर ते परत येतात. मात्र करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच.
• प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक घ्या. गाणं कुठं किती वाजलं याचा हिशोब त्यावरून लागतो.
• ढोलकी, मंजिरा वाजवणारे साथीदारही कायद्यानं कलाकारच. त्यांचा वाटा आधीच कागदावर ठरवा, नंतर मंडळी फुटत नाहीत.

कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे भोपाळचा गायक असो, बुऱ्हाणपूरचा भजनी, गोंदियाचा दंडार कलाकार की बेळगावचा शाहीर, नियम एकच. करार इंग्रजीत असेल तर तो आपल्या भाषेत समजावून मागावा आणि एक रात्र घरी ठेवावा. सही घाईनं मागितली जात असेल, तर तो कागद वकिलाला दाखवून घेतलेलाच बरा.