भाव निघाला, बोली झाकलेलीच राहिली

डेन्मार्कमध्ये शुगरबीट घेणारी कंपनी एकच होती, डॅनिस्को. कोणी किती बीट घालायचे हे तिच्याशी झालेल्या करारावर ठरे. युरोपीय संघाने साखरेचा आधार घटवला, तेव्हा काही शेतकऱ्यांना हे करार विकायचे होते, काहींना घ्यायचे होते. देशभराचा एकच लिलाव करायचे ठरले. पण बोल्या ठेवायच्या कोणाकडे? कंपनीला कळल्या, तर कोणाला बीट कितपत परवडते हे उघड होऊन पुढच्या वाटाघाटीत शेतकऱ्याची कोंडी होणार. एकट्या शेतकरी संघटनेकडे लिलाव सोपवणे कंपनीला मान्य नव्हते, कारण तिच्या येण्याला हेच करार तारण होते.

जानेवारी २००८ मध्ये हा तिढा गणिताने सोडवला. कंपनी, संघटना आणि संशोधक यांचा प्रत्येकी एक संगणक मांडला गेला.

तत्त्व साध्या बेरजेत दिसते. समजा, एका शेतकऱ्याला ४० टन हवेत. ४० चे तो कसेही तीन तुकडे पाडतो : ७१, उणे ९५ आणि ६४. दुसऱ्याच्या २५ टनांचे तुकडे उणे ३८, ५२ आणि ११. प्रत्येक संगणकाला दोघांचा एकेक तुकडा मिळतो. त्यांच्या बेरजा येतात ३३, उणे ४३ आणि ७५. या तिन्ही मिळवल्या की ६५, म्हणजे नेमकी एकूण मागणी. मूळ ४० आणि २५ मात्र एकाही संगणकाने पाहिलेले नाहीत.

लिलावात नुसती बेरीज पुरत नाही. कोणत्या भावाला मागणी आणि पुरवठा जुळतात, ही तुलनाही झाकलेल्या आकड्यांवरच करावी लागते. म्हणून तुकडे पाडायला आदी शमीर यांची १९७९ ची बहुपदींची पद्धत वापरली. सुमारे १,२०० शेतकऱ्यांच्या बोल्यांमधून अर्ध्या तासात भाव निघाला आणि सुमारे २५,००० टनांच्या हक्कांचे हस्तांतर झाले. अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये विचारलेला प्रश्न, संपत्ती न सांगता दोन लक्षाधीशांपैकी श्रीमंत कोण हे कसे ठरवावे, तोवर बहुतांशी कागदावरच होता.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. लिलावात वापरलेल्या बहुपदींच्या मांडणीत तीनपैकी दोन संगणकांनी संगनमत केले तर गुपित फुटते. आणि शेतकऱ्याने खोटाच आकडा भरला, तर तो पकडणे हे या गणिताचे काम नाही.

तरीही डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट सिद्ध केली : सामाईक उत्तरासाठी सगळी माहिती एकाच्या हवाली करावी लागत नाही. रुग्णांच्या नोंदी असोत की पगाराचे आकडे, ‘आधी सगळे आमच्याकडे द्या’ असे कोणी म्हणाले, तर त्याला विचारा : तुम्हाला उत्तर हवे आहे की आमची माहिती?