जुना दरवाजा, नवे सिमेंट

पौडजवळ दोन खोल्यांचे घर बांधायचे ठरले तेव्हा अब्बांची एकच अट होती: व्याजाचे कर्ज नको. म्हणजे पैसे जमतील तसे बांधकाम. साहजिकच आम्ही जुन्या आणि उरलेल्या मालाच्या मागे लागलो.

पुण्याच्या पेठांतले वाडे पाडले की त्यांचे सागवान विक्रीला येते. नव्या सागवानी दरवाजाचे चौकटीसह 30 हजार सांगितले होते. जुना 12 हजारांत मिळाला. अम्मी खूश, 18 हजार वाचले! पण टेम्पोचे अडीच हजार, सुताराने खिळे उपटून, रंधा मारून, चौकट कापून बसवली त्याचे 5 हजार, बिजागऱ्या-कडीचे दीड हजार. दरवाजा पडला 21 हजारांना. तरी 9 हजार वाचलेच. दोन खिडक्या त्याच टेम्पोत आणल्या असत्या तर आणखी वाचले असते. चौकट घेताना तिच्या खालच्या टोकाला खिळा टोचून पाहा. वाळवी बहुधा तिथूनच चढते.

फरशा घेतल्या एका मोठ्या इमारतीच्या कामातून उरलेल्या, निम्म्या दराने. खोली 120 चौरस फूट, एका खोक्यात 16 चौरस फूट, म्हणजे आठ खोकी. दुकानात सातच होती. आठवे दुसरीकडे मिळाले, पण बॅच क्रमांक निराळा, छटाही निराळी. तो पट्टा आता पलंगाखाली आहे.

खरा फटका सिमेंटने दिला. कुणाच्या तरी कामावरच्या उरलेल्या 20 गोण्या 250 रुपयांना घेतल्या. मग पैसे संपले, काम थांबले आणि मुळशीचा पावसाळा सुरू झाला. सिमेंट हवेतली ओल पिते. तीन महिन्यांत त्याची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते. आमच्या गोण्यांत तर गाठी झाल्या. गवंडी म्हणाला, “फोडून चाळून घेऊ, स्लॅबला चालेल.” ज्या छताखाली मुले झोपणार, त्यासाठी आम्ही नाही म्हटले. 5 हजार गेले. पावसाळ्यानंतर नवे घेतले ते गोणीवरचा आठवडा-वर्ष वाचून, पंधरा दिवसांत संपेल एवढेच. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेवढाच दिलासा. सळईही नवीच घेतली. वाकवून पुन्हा सरळ केलेली सळई वाकल्या जागी कमजोर होते.

आता दुसऱ्या खोलीवर जुनी मंगलोरी कौले घालायची आहेत. अब्बा एकेक कौल बोटाने वाजवून घेतात. बद्द आवाज आला की बाजूला. शंभरात बारा बाजूला निघाली, तेव्हा विक्रेत्याने आम्हाला चहा विचारणे बंद केले.