सारान्स्कला जाणारी फुकट गाडी

१ डिसेंबर २०१७ रोजी मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये फुटबॉल विश्वचषकाची सोडत निघाली आणि पेरूच्या वाट्याला तीन गावं आली. १६ जूनला डेन्मार्कशी सामना सारान्स्कमध्ये, २१ जूनला फ्रान्सशी येकातेरिनबुर्गमध्ये आणि २६ जूनला ऑस्ट्रेलियाशी सोचीमध्ये. पेरूचा संघ १९८२ नंतर पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला होता. ३६ वर्षं थांबलेले लोक आता थांबणार नव्हते. कुणी नोकरी सोडली, कुणी गाडी विकली, कुणी कर्ज काढलं, अशा बातम्या तेव्हा पेरूच्या वर्तमानपत्रांत रोज येत होत्या. पण सारान्स्क कुठे आहे हे त्यांच्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. खरं तर ते रशियाबाहेर फारसं कुणालाच माहीत नव्हतं.

दूरदर्शनवर विश्वचषक म्हणजे ६४ सामने. आपल्या संघामागून देशभर फिरणाऱ्या माणसाला मात्र तो एक अवघड वेळापत्रक वाटतो. २०१८ चे सामने ११ शहरांतल्या १२ मैदानांवर झाले. पश्चिमेच्या टोकाचं कालिनिनग्राद आणि पूर्वेचं येकातेरिनबुर्ग यांच्यात सुमारे अडीच हजार किलोमीटरचं अंतर. पेरूचे पाठीराखे सारान्स्कहून येकातेरिनबुर्गला गेले तेव्हा त्यांनी सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटर कापले, आणि तिथून सोची गाठायला आणखी दोन हजारांवर. यात राहण्याची सोय बघायची, भाषा येत नाही, पाट्या रशियन लिपीत. एवढं करून आपला संघ साखळीतच बाहेर पडला तर पुढच्या फेरीची तिकिटं वाया जाण्याची भीती.

हे सगळं जमलं ते दोन सरकारी निर्णयांमुळे. २०१८ च्या स्पर्धेतलं सर्वांत मोलाचं काय, असं मला कुणी विचारलं तर मी मैदानांचं नाव घेणार नाही. हे दोन निर्णय सांगेन.

पहिला निर्णय फॅन आयडीचा. सामन्याचं तिकीट हाती आलं की त्याचा क्रमांक, पासपोर्टचा तपशील आणि छायाचित्र देऊन अर्ज करायचा, मग गळ्यात अडकवायचं एक लॅमिनेट केलेलं ओळखपत्र मिळायचं. तेच परदेशी माणसाचा व्हिसा. एरवी रशियाच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र, अर्ज, शुल्क, फेऱ्या हे सगळं ठरलेलं. त्या उन्हाळ्यात ४ जून ते १५ जुलै या काळात हे कार्ड आणि पासपोर्ट दाखवून देशात शिरता येत होतं. भारतीयांनाही हाच नियम लागू होता. भारताचा संघ स्पर्धेत नसतानाही आपल्याकडचे अनेक जण रशियाला जाऊ शकले, त्याचं एक मोठं कारण हे कार्ड. मैदानात शिरायलाही तिकिटाबरोबर ते लागायचंच. सामन्याच्या दिवशी शहरातली ठरावीक सार्वजनिक वाहनंही त्यावर फुकट.

एक बारीक नियम मात्र पुष्कळांना उशिरा कळला. सामने असलेल्या शहरात पोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद व्हायला हवी होती. हॉटेलवाले ती आपसूक करायचे. कुणाच्या घरात खोली घेतली असेल तर घरमालकाच्या मागे लागावं लागायचं.

दुसरा निर्णय रेल्वेचा, आणि त्याचं मला अधिक कौतुक वाटतं. सामन्यांच्या शहरांमध्ये सातशेहून जास्त जादा गाड्या सोडल्या गेल्या आणि तिकीट व फॅन आयडी असणाऱ्याला त्यात जागा फुकट. आरक्षण आधी करावं लागे, गर्दीच्या मार्गांवरच्या जागा भराभर संपत, आणि मग लोक रात्री-अपरात्री संकेतस्थळ उघडून कुणी आरक्षण रद्द केलंय का ते पाहत बसत. पण एकदा जागा मिळाली की चार जणांच्या कप्प्यात, स्वच्छ चादर-उशीसह, रात्रभराचा प्रवास एक पैसाही न देता.

रशियन रेल्वेची ओळख करून घ्यायची तर तिथल्या डब्याच्या सेविकेपासून सुरुवात करावी लागते. तिला प्रोवोदनित्सा म्हणतात. प्रत्येक डब्याची जबाबदारी तिची. दारात उभी राहून ती तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव ताडून पाहते, अंथरूण-पांघरूण देते, स्वच्छता राखते, आणि तुमचं स्टेशन यायच्या आधी तुम्हाला उठवते. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो. धातूच्या नक्षीदार पकडीत बसवलेल्या काचेच्या पेल्यातून चहा मिळतो. त्या उन्हाळ्यात या डब्यांमध्ये एका बाकावर कोलंबियाचे लोक आणि समोर जपानचे, अशा जोड्या जमल्या. दुसऱ्या दिवशी हेच लोक मैदानात एकमेकांविरुद्ध घसा फोडून ओरडणार होते. पण डब्यात रात्र काढायची तर बॅगा कुठे ठेवायच्या, वर कोण झोपणार, दिवा कधी मालवायचा हे ठरवावंच लागतं. ती बोलणी खाणाखुणांनी आणि मोबाइलवरच्या भाषांतरावर पार पडली.

रेल्वेच्या घड्याळाचा एक पेच होता. रशियात अकरा कालविभाग आहेत, पण तेव्हा देशभरातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेनुसार चाले. येकातेरिनबुर्गच्या रस्त्यावर रात्रीचे दहा वाजले असले तर तिकिटाच्या हिशेबाने आठच. सामन्याची वेळ स्थानिक, गाडीची वेळ मॉस्कोची. स्पर्धा संपल्यावर दोनच आठवड्यांनी, १ ऑगस्ट २०१८ पासून, रेल्वेने तिकिटांवर स्थानिक वेळ छापायला सुरुवात केली.

आता सारान्स्क. मॉस्कोच्या आग्नेयेला साधारण साडेसहाशे किलोमीटरवर, मोर्दोव्हिया प्रजासत्ताकाची राजधानी, लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम जिल्ह्याच्या ठिकाणाएवढं गाव. हॉटेलं मोजकी. म्हणून विद्यार्थ्यांची वसतिगृहं रिकामी करून पाहुण्यांना दिली गेली, लोकांनी आपली घरं भाड्याने दिली. १६ जूनला या गावात लाल-पांढऱ्या जर्सीतले हजारो पेरूवासी उतरले. परदेशी पाहुणा हीच ज्या रस्त्यांवर नवलाई, तिथे रात्रभर स्पॅनिश गाणी चालली. आजीबाई नातवंडांना घेऊन त्यांच्याबरोबर फोटो काढायला चौकात आल्या.

सामना पेरू हरला. पूर्वार्ध संपता संपता मिळालेली पेनल्टी ख्रिस्तियन कुएव्हाने गोलपट्टीवरून उडवली आणि उत्तरार्धात युसुफ पोल्सनने डेन्मार्कचा एकमेव गोल केला. येकातेरिनबुर्गमध्ये एम्बापेच्या गोलमुळे फ्रान्सकडूनही १-० अशी हार, आणि आव्हान संपलं. तरी लोक परत फिरले नाहीत. ते सोचीला गेले. तिथे १८ व्या मिनिटाला आंद्रे कारियोने गोल केला, उत्तरार्धात कर्णधार पावलो गेरेरोने दुसरा, आणि ऑस्ट्रेलियाला २-० असं हरवून पेरूने १९७८ नंतरचा विश्वचषकातला पहिला विजय मिळवला. हा गेरेरो बंदीमुळे स्पर्धेत खेळणारच नव्हता. त्याला खेळू द्यावं अशी विनंती फ्रान्स, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलिया या गटातल्या तिन्ही प्रतिस्पर्धी कर्णधारांनी केली होती. मैदानावरच्या दिलदारीचं याहून चांगलं उदाहरण त्या स्पर्धेत मला दिसत नाही. स्पर्धेतून आधीच बाहेर पडलेल्या संघासाठी दोन हजार किलोमीटर जाणाऱ्या त्या लोकांना ज्याने वेड्यात काढलं, त्याला संघावर प्रेम करणं म्हणजे काय हे कळलेलं नाही.

अकरांपैकी चार शहरं व्होल्गेच्या काठची होती: निझ्नी नोव्हगोरोद, कझान, समारा आणि व्होल्गोग्राद. मराठी माणसाने या नदीचा काठ आवर्जून पाहावा. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन याच नदीतून निघाला. निझ्नीला शिरवानच्या वकिलाची वाट पाहत तो दोन आठवडे थांबला, पुढे अस्त्राखानजवळ लुटला गेला आणि शेवटी इराणमार्गे आपल्या चौलला उतरला. तिथून जुन्नरला. तिथल्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि मोठ्या मिनतवारीने परत दिला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. हातात राजाचं परवानापत्र घेऊन निघालेल्या त्या माणसाच्या वाटेवर, साडेपाचशे वर्षांनी, गळ्यात फॅन आयडी अडकवलेले लोक उलट दिशेने आले.

व्होल्गोग्रादला तर आपला धागा अधिक जवळचा. हे पूर्वीचं स्टालिनग्राड. मुंबईच्या कामगार वस्तीतल्या अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ मध्ये ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला तो याच शहराच्या लढाईवर. मामायेव टेकडीवर तलवार उगारलेल्या मातृभूमीचा ८५ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे, आणि विश्वचषकाचं मैदान त्या टेकडीच्या पायथ्याशी, नदीकाठी. मैदान बांधताना महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब जमिनीतून निघाले. १८ जूनला इंग्लंड-ट्युनिशिया सामन्यात चिलटांच्या थव्यांनी खेळाडू हैराण झाले, बातम्या त्याच्याच झाल्या. मला त्याहून मोठी वाटते ती २२ जूनची गोष्ट. हिटलरच्या फौजा १९४१ मध्ये त्याच तारखेला सोव्हिएत हद्दीत घुसल्या, म्हणून रशियात हा दिवस स्मरणदिन असतो. त्या दिवशी नायजेरिया आणि आइसलँड यांचे पाठीराखे या गावात सामन्यासाठी आलेले होते. सामना नसता तर त्यांतले किती जण त्या टेकडीच्या पायऱ्या चढले असते?

कालिनिनग्रादची गोष्ट निराळी. रशियाचा हा तुकडा मुख्य भूमीपासून तुटलेला, रेल्वे लिथुआनियातून जाते आणि फॅन आयडीला तिथे किंमत नव्हती. शेंगेन व्हिसा नसलेल्याने विमानाने जावं हेच बरं होतं.

या कहाणीची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. नोकरीचं आमिष दाखवून काही नायजेरियन तरुणांना दलालांनी याच कार्डावर मॉस्कोला नेलं आणि वाऱ्यावर सोडलं. स्पर्धेनंतर त्यांना मायदेशी पाठवण्याची व्यवस्था करावी लागली. सारान्स्कमध्ये एवढं मोठं मैदान उभं राहिलं, पण मोर्दोव्हिया हा तिथला क्लब २०२० मध्ये बंद पडला. आणि फॅन आयडी? २०२२ मध्ये रशियाच्या स्थानिक लीगमध्ये ते सक्तीचं झालं. पाहुण्यांसाठी दार उघडणारं कार्ड घरच्या प्रेक्षकांवर पाळत ठेवण्याचं साधन झालं, असं म्हणत तिथल्या संघटित पाठीराख्यांनी सामन्यांवर बहिष्कार घातला आणि मैदानं ओस पडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला हलवला, रशियाच्या संघाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारं बंद झाली, आणि विश्वचषकासाठी बांधलेला रोस्तोव्हचा नवाकोरा विमानतळ प्रवाशांना बंद झाला. सरकारने दिलेली मोकळीक सरकार केव्हाही काढून घेऊ शकतं, ही गोष्ट २०१८ च्या आनंदाइतकीच खरी आहे.

तरीही ती योजना चांगली होती आणि पुढच्या यजमानांनी ती उचलावी, असं माझं ठाम मत आहे. कतारने २०२२ मध्ये फॅन आयडीसारखंच हय्या कार्ड आणलं आणि मेट्रो फुकट दिली, पण तिथली सगळी मैदानं एका शहराच्या परिसरात होती. जर्मनीने २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत सामन्याच्या तिकिटावर ३६ तास स्थानिक वाहतूक मोफत दिली, शहराशहरांतल्या गाड्यांना मात्र पैसे मोजावे लागले. २०२६ ची स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको अशा तीन देशांतल्या १६ शहरांची. तिथे सामन्याचं तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे, तीन देशांचे तीन स्वतंत्र नियम, आणि बहुतेक ठिकाणी विमानाशिवाय गत्यंतर नाही. सामान्य मिळकतीचा माणूस यात कुठे बसतो?

२०३० ची स्पर्धा मुख्यतः स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आहे. स्पेनमध्ये वेगवान रेल्वेचं मोठं जाळं आहे आणि मोरोक्कोतही तांजिर-कासाब्लांका वेगवान गाडी धावते. ज्यांच्या मनात तिथे जायचं असेल त्यांनी सोडत निघेपर्यंत धीर धरावा. मग आपल्या आवडत्या संघाची गावं पाहावीत, रेल्वेचा नकाशा शेजारी ठेवावा आणि अंतिम सामन्याच्या महागड्या तिकिटामागे न धावता, सर्वांत लहान गावातल्या साखळी सामन्याचं तिकीट आधी काढावं.