पडद्यावरचं युद्ध आणि माणगावचा पुतळा

म्युनिकहून विमानतळाकडे जाणाऱ्या एस-१ लोकलवर उंटरश्लाइसहाइम हे आमचं गाव. नाव नीट उच्चारायलाच आम्हाला सहा महिने लागले! हिवाळ्यात इथे साडेचारलाच अंधार पडतो. मग वरच्या खोलीतून हाका येऊ लागतात, "मेडिक! मेडिक!" सुरुवातीला मी घाबरून जिना चढायचे. आता कळतं, आमचे चिरंजीव महायुद्धावर गेलेत.

'हेल लेट लूज' हा दुसऱ्या महायुद्धावरचा ऑनलाइन खेळ. एका बाजूला ५० खेळाडू, समोर ५०. पायदळाच्या सहा-सहा जणांच्या तुकड्या. कोणी रसद आणतो, कोणी रणगाडा चालवतो, कोणी जखमींना उठवतो. एकट्याने शौर्य गाजवायला गेलं की लगेच मरण! पण मेलात तरी काळजी नाही, थोड्या वेळात पुन्हा मैदानात.

लेकाला नुकतीच अठरा पूर्ण झाली. त्याच्या तुकडीत शाळेतला एक जर्मन मित्र असतो. दोघे कधी अमेरिकन सैनिक होतात, कधी जर्मन. ते 'जर्मन' मला खटकायचं. डाखाऊ आमच्यापासून जवळच. तिथे १९३३ मध्ये नाझींनी छळछावणी उघडली. शाळेची सहल तिथे गेली होती, त्या रात्री हा धड जेवलासुद्धा नव्हता. आणि आता तोच गणवेश?

मी विचारलंच. म्हणाला, "आई, ज्या बाजूला जागा असते तिथे जावं लागतं. म्हणून मी तसा होत नाही गं."

एकदा त्याच्या खांद्यावरून डोकावले, तर वाळवंट दिसलं. "एल अलामेन," तो म्हणाला, "आम्ही ब्रिटिशांचं आठवं सैन्य आहोत."

"त्यात आपले कुठे आहेत?"

"आपले म्हणजे?"

आता आली का पंचाईत! माझं माहेर महाडचं. मुंबईहून एसटीने जाताना माणगाव लागायचं. तिथे एका सैनिकाचा पुतळा आहे, यशवंत घाडगे यांचा. वडील दर वेळी खिडकीतून हात जोडायचे. मी लेकाला खाली बोलावलं, चहा ठेवला आणि सांगितलं. आठव्या सैन्यात भारतीय डिव्हिजनही होत्या. त्यातल्याच एका मराठा बटालियनमध्ये नाईक घाडगे होते. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. जर्मन मशीनगनने त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. हे एकटेच धावत गेले, हातबॉम्ब टाकला, मशीनगनचं ठाणं घेतलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून तिथेच पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर.

"बावीस?" लेक एवढंच म्हणाला. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मित्राला सांगितलं. मला धाकधूक होती, त्या मुलाला काय वाटेल! तो संध्याकाळी घरी आला, बूट दारात काढले आणि हळूच म्हणाला, "माझे पणजोबाही इटलीत होते. परत आले नाहीत. घरी त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही."

काय बोलावं सुचेना. मी त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

इटलीत पेरुजाजवळ माँतोने नावाचं गाव आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे घाडगे यांच्या नावाने स्मारक उभं राहिलं, इटलीच्या मोहिमेत लढलेल्या भारतीय सैनिकांसाठी. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीने ब्रेनर घाट ओलांडून तिकडे जायचं ठरलंय. मागच्या सीटवर दोघे असतील. खेळ अजून चालूच आहे, ते काही मी बंद केलं नाही. पण हल्ली वरून "मेडिक!" अशी हाक आली, की मी क्षणभर जिन्यापाशी थांबते.