शस्त्रक्रिया सुरू असतानाच कळते कर्करोगाची सीमा

जयपूरसारख्या प्रखर उन्हाच्या शहरात चेहऱ्यावरील दीर्घकाळ न भरणारी जखम त्वचेच्या कर्करोगाची खूण असू शकते. भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिनमुळे हा धोका कमी असतो, पण टळत नाही. डोळ्याजवळची गाठ काढताना कमी कापल्यास रोग उरतो, अधिक कापल्यास पापणी विद्रूप होते. अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक मोह्स यांनी १९३६ मध्ये थराथराने ऊती काढून प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत अवलंबली. आता त्यासाठी ऊती गोठवून काप घेतात. तोवर रुग्णाला थांबावे लागते. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात मात्र ऊतीला चमकणारे रंगद्रव्य लावून लेसरच्या साहाय्याने काही मिनिटांत पेशींचे चित्र मिळते. कडेला कर्करोगपेशी आढळल्यास तेवढाच भाग पुन्हा काढता येतो.