‘कोरीव’ म्हणजे काय?

एखाद्या वस्तूच्या ठायीं शिल्पाचे गुण आहेत असें मराठींत सांगावयाचें झालें, म्हणजे ‘कोरीव’ हा शब्द अगोदर ओठांवर येतो. नाक कोरीव, चेहरा कोरीव, अक्षर कोरीव, आणि लेखकाची भाषाहि कोरीव! इतक्या ठिकाणीं राबविल्यामुळें त्याचा अर्थ ‘सुंदर’ एवढाच उरतो कीं काय, अशी शंका येते. तसें झाल्यास भाषेचें एक नेमकें हत्यार बोथट होईल.

‘कोरणें’ या क्रियापदाला ‘ईव’ प्रत्यय लागून हा शब्द झाला. घडीव, रेखीव, बांधीव, ओतीव हीं त्याचीं भावंडें. कोरणें म्हणजे नको तो भाग काढून टाकणें. घरांतलें कानकोरणें काय किंवा पाथरवटाची छिन्नी काय, काम काढण्याचेंच. न्हावी मिशी कोरतो तेव्हां तोहि कांहीं लावीत नाहीं, कापतो. कोरीव वस्तूंत जें दिसतें तें उरलेलें असतें.

या भावंडांतील भेद पाहावयाचे तर जालना जिल्ह्यांत भोकरदन तालुक्यांतील अन्वा येथें जावें. तेथें सुमारें बाराव्या शतकांतील देवालय आहे. अजिंठ्याच्या लेण्यांसारखें तें डोंगर पोखरून काढलेलें नाहीं. दगडावर दगड ठेवून रचलेलें आहे. म्हणून देवळाला बांधीव म्हणणेंच बरोबर. त्याचे दगड घडीव, कारण खडबडीत कोपरे मारून त्यांना सांध्यांत बसण्याजोगें रूप दिलेलें आहे. बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या ज्या स्त्रीमूर्ति आहेत (गाभाऱ्यांत मात्र आज शिवलिंग आहे), त्या खऱ्या कोरीव. दगडावर तिरपें ऊन पडलें कीं खोलगट भागांत सावली भरते आणि मूर्ति भिंतींतून जणूं पुढें येते. ही सावलीच कोरीवपणाचा प्राण होय. रेषा कितीहि डौलदार असली तरी तिला सावली नसते. म्हणून भुवया आणि ओठ रेखीव म्हणावे; सरळ उंच नाक, खोल डोळे, ठसठशीत हनुवटी यांना कोरीव शोभतें.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथें १९७३ सालच्या उत्खननांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खंडित भाग मिळाला. इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं त्याचें मोठें साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. म्हणजे ती वीतभर उंचीची भारतीय मूर्ति त्यापूर्वींच समुद्रापलीकडे पोंचली होती. आकार एवढासा, पण शब्द तोच, कोरीव. पितळेची मूर्ति ओतीव. ती बिघडली तर धातु पुन्हां वितळवितां येतो. हस्तिदंताचा कपचा उडाला कीं उडाला! कारागिराच्या हाताला असलेलें हें भय ‘कोरीव’ शब्दांत मुरलेलें आहे, तें ‘सुंदर’ या शब्दांत नाहीं.

माणसाच्या उभें राहण्याविषयीं बोलतांना मात्र मराठीची थोडी अडचण होते. ‘पुतळ्यासारखा उभा राहिला’ म्हटलें कीं तो थिजला, गोंधळला असें ऐकणारा समजतो. त्यांत भारदस्तपणा येत नाहीं. ‘मूर्तिमंत’ हा शब्द गुणांकडे वळतो: मूर्तिमंत करुणा, मूर्तिमंत आळस. ‘शिल्पवत्’ पुस्तकी आहे, पण स्थिरतेंतील रुबाब सांगण्यास तोच त्यांतल्या त्यांत उपयोगी.

भाषेच्या बाबतींत चूक सर्वांत अधिक होते. उपमा, अनुप्रास यांनीं लगडलेल्या लेखनास कोरीव म्हणण्याची रीत पडली आहे. वस्तुतः तें नक्षीदार किंवा मढविलेलें. ज्या वाक्यांतून आणखी एकहि शब्द काढतां येत नाहीं, तें कोरीव. आणि अक्षराचें म्हणाल तर ताम्रपटावरचें अक्षर कोरीव; वहींतलें वळणदार.